अधिकृत ऑनलाइन विक्रेता होण्याचा अर्ज आणि आपोआप बदलणाऱ्या भावांची अडचण

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून मिक्सर, कुकर, पंखे ऑनलाइन विकणाऱ्या दुकानदारांचे अर्ज उत्पादक कंपन्यांकडून वारंवार परत येतात, आणि मंजुरी मिळालेल्यांपैकीही काहींची ती किमतीच्या नियमावरून रद्द होते.

जीएसटी नोंदणी, पॅन, व्यवसायाच्या नावाचे चालू खाते आणि कंपनीच्या वितरकाकडून माल घेतल्याची बिले, एवढे साधारणपणे लागते. अर्ज अडतो तो नावापत्त्यावर. जीएसटी प्रमाणपत्रावर ‘बेळगावी’, जुन्या भाडेकरारावर ‘बेळगाव’ आणि हेस्कॉमचे वीजबिल कन्नडमध्ये असले, की दूरच्या कचेरीत कागद तपासणारा ‘कागदपत्रे अपूर्ण’ असा शेरा मारून मोकळा होतो; नेमका कोणता कागद अपूर्ण, हे सांगण्याचीही तसदी घेतली जात नाही, आणि हे अन्यायाचे आहे. म्हणून १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले असल्याचे स्वयंघोषणापत्र आणि वीजबिलाचे इंग्रजी भाषांतर आधीच जोडावे. कोल्हापूरच्या वितरकाकडून माल घेत असाल, तर बिल आपल्या २९ ने सुरू होणाऱ्या कर्नाटकच्या जीएसटी क्रमांकावरच घ्यावे. ओळखीच्या दुकानाच्या नावावर, महाराष्ट्राच्या २७ ने सुरू होणाऱ्या क्रमांकावर फाडलेले बिल आपल्या अर्जाला उपयोगी पडत नाही.

मंजुरीनंतर सर्वाधिक विक्रेते अडकतात ते भाव आपोआप बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे. समजा, कंपनीच्या दरपत्रकात मिक्सरची किमान जाहीर किंमत, म्हणजे जिच्याखाली भाव जाहीर दाखवायचा नाही ती किंमत, ४,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी अशी आहे. ग्राहकाला दिसणारी किंमत करासहित असते, त्यामुळे सॉफ्टवेअरमधील खालची मर्यादा ४,७२० हवी. तेथे ४,००० भरले, तर प्रतिस्पर्ध्याचा भाव उतरताच रात्रीतून आपलाही भाव ४,७२० च्या खाली जातो आणि नियमभंगाची नोटीस येते. कूपनची सवलत या किमतीत धरली जाते का, हे कंपनीकडून लेखी विचारून घ्यावे. वरची मर्यादा छापील एमआरपीच्या पुढे कधीही ठेवू नये. ती सर्व करांसहितच असते.

नव्या दरपत्रकावर दोन तारखा असतात, एक पत्रकाची आणि दुसरी अंमलाची. पहिलीच पाहून बसणारे फसतात. अंमलाच्या आदल्या संध्याकाळीच मर्यादा बदलून, प्रत्येक वस्तूचा दिसणारा भाव स्वतः उघडून तपासावा.

मात्र कंपनीची प्रत्येक अट निमूटपणे मानावी, असेही नाही. विक्रेत्याने प्रत्यक्षात किती किमतीला विकावे याची सक्ती केल्याने स्पर्धेला लक्षणीय बाधा येत असेल, तर ती स्पर्धा अधिनियम, २००२ च्या कलम ३(४) खाली बेकायदा ठरते. डीलरांच्या सवलतींवर निर्बंध घातल्याबद्दल स्पर्धा आयोगाने २०२१ मध्ये मारुती सुझुकीला २०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. त्यामुळे करारात ‘जाहीर किंमत’ लिहिले आहे की ‘विक्री किंमत’, हे सही करण्यापूर्वी वाचावे.

नोटीस आलीच, तर त्या दिवसाची भावबदलांची नोंद सॉफ्टवेअरमधून लगेच उतरवून घ्यावी, आणि उत्तराची मुदत ईमेल पाठवल्यापासून मोजायची की मिळाल्यापासून, हे करारात पाहूनच उत्तर द्यावे.