मास्तरची हाक, नवऱ्याचा हात आणि जिव्हाळ्याचं विज्ञान

शाळा सुरू व्हायची वेळ आली की आमच्या गोव्यात घराघरात एकच विषय. मिडियम कुठलं, बालरथ म्हणजे शाळेची बस वाड्यापर्यंत येते का, दहावीचा रिझल्ट किती लागला, ट्यूशन लावावी लागेल का. आणि लग्नाचं स्थळ आलं की मुलगा सरकारी नोकरीत आहे का, फ्लॅट फोंड्यात की पणजीत, पत्रिका जुळते का. हे सगळं विचारावंच, त्यात वाईट काही नाही, पण त्या शाळेतली टीचर पोराला नावाने हाक मारते का आणि तो मुलगा चिडला की कसा बोलतो हे दोन प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, आणि गेल्या काही दशकांतलं संशोधन वाचलं की मला वाटतं पहिले तेच विचारायला हवेत.

माणसाची माया मनात असते असं आपण म्हणतो, पण ती अंगातही दिसते, चक्क मोजता येते.

2006 साली जेम्स कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत एक प्रयोग छापला. 16 विवाहित बायका, एकेकीला एमआरआय मशीनमध्ये झोपवलं, घोट्याला विजेचा बारीक झटका बसू शकतो असं आधीच सांगितलेलं. कधी तिचा हात नवऱ्याने धरला, कधी अनोळखी माणसाने, कधी कोणीच नाही. झटक्याची भीती असताना मेंदूचे जे भाग पेटून उठतात ते नवऱ्याचा हात हातात असताना बरेच शांत होते. अनोळखी हातानेही थोडा फरक पडला पण कमीच. आणि खरी गंमत पुढे आहे, ज्या बायकांनी आपलं नातं जास्त चांगलं म्हणून सांगितलं होतं त्यांच्या मेंदूतली घबराट जास्त खाली आली. प्रयोगात घेतलेली सगळीच जोडपी तशी सुखी होती, तरी त्यातल्या त्यात नातं किती खोल हे मेंदूला कळत होतं.

दुसरा प्रयोग जरा अंगावर येतो. ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत जॅनिस किकोल्ट-ग्लेसर आणि त्यांचे यजमान रोनाल्ड ग्लेसर यांनी 42 जोडप्यांना दोन वेळा हॉस्पिटलात ठेवून घेतलं, दंडाखालच्या भागावर छोटे छोटे फोड आणले, म्हणजे अगदी वरवरची जखम, आणि मग त्यांना बोलायला बसवलं. एका खेपेला एकमेकांना आधार देणारं बोलणं, दुसऱ्या खेपेला ज्यावरून घरात वाजतं तो विषय. भांडणानंतरची जखम हळू भरली. आणि जी जोडपी एकमेकांशी सतत तिरसट, टोचून बोलणारी होती त्यांच्या जखमा भरण्याचा वेग बाकीच्यांच्या साधारण 60 टक्केच होता. हे 2005 साली छापून आलं. म्हणजे टोमणा मारला तर तो हवेत विरून जात नाही, समोरच्याच्या कातडीला कळतो. ताणाची हार्मोन्स वाढतात, जखमेच्या जागी सूज आणून दुरुस्ती सुरू करणारी जी रसायनं लागतात ती तिथे वेळेवर जमत नाहीत, असा त्याचा साधारण हिशेब आहे.

आता प्रेम म्हटलं की आपल्याला मोठ्या गोष्टी आठवतात, अॅनिव्हर्सरीचा केक, सोनं, फिरायला जाणं. मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी अमेरिकेत सिअॅटलला एका फ्लॅटसारख्या प्रयोगशाळेत नवविवाहित जोडप्यांना राहायला बोलावलं आणि नुसतं बघत बसले. त्यांना दिसलं की दिवसभर माणसं एकमेकांकडे बारीक बारीक हाका टाकत असतात. आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर बायको म्हणते, आज बाजारात बांगडे केवढे स्वस्त होते माहीत आहे? तिला बांगड्यांचा भाव सांगायचा नसतोच फक्त, तिला तुम्ही जरा तिच्याकडे बघायला हवं असतं. त्यावर नवरा मोबाईलमधून डोकं वर काढून "हो? मग घेतलेस का?" एवढं म्हणाला तरी हाक पोचली, नुसतं "हं" केलं तर ती खाली पडली, आणि "दिसत नाही काम करतोय ते" म्हणाला तर त्याबद्दल बोलायलाच नको. सहा वर्षांनी गॉटमन यांनी परत चौकशी केली. जी जोडपी अजून एकत्र होती त्यांनी तेव्हा अशा 100 हाकांपैकी 86 ना उत्तर दिलं होतं, आणि जी वेगळी झाली त्यांनी 33 ना. एक सांगायला हवं, गॉटमन यांच्या घटस्फोटाच्या भाकितांवर इतर संशोधकांनी टीका केली आहे, कारण आधी निकाल कळला आणि मग त्यावर गणित बसवलं असं काही ठिकाणी झालं. पण रोजच्या साध्या प्रतिसादाला नात्यात वजन असतं हे इतर कितीतरी अभ्यासांतून आलेलं आहे.

आमच्याकडे लग्नाला आधी सिव्हिल रजिस्ट्रारकडे जाऊन पहिली सही करायची, नोटीस लागते, मग दुसरी सही. आणि वेगळा करार केला नसेल तर दोघांची मालमत्ता कायद्याने सामायिक. खूप चांगला कायदा आहे, बाईच्या नावावर अर्धं येतं ही छोटी गोष्ट नाही. पण संध्याकाळी बांगड्यांच्या भावाला उत्तर द्यावं असं कुठल्या कलमात लिहिता येणार? ते रोज आपलं आपणच करायचं असतं.

नेल नॉडिंग्ज नावाच्या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ होत्या, 2022 साली गेल्या. बरीच वर्षं शाळेत शिकवलेल्या, मुख्यतः गणित, घरी दहा मुलं, आणि नंतर शिक्षणशास्त्राच्या प्राध्यापक. त्यांचा मुद्दा मला फार पटतो. त्या म्हणायच्या की काळजी ही एका बाजूने पूर्ण होत नाही. मी तुझ्यासाठी एवढं करतो, मी तुझ्या भल्यासाठीच मारते, असं देणारा कितीही म्हणो, समोरच्याला ती मिळाल्याचं जाणवलं तरच ते काळजीचं नातं. आई दिवसभर राबते, बाप बोटीवर सहा सहा महिने असतो, मास्तर घसा फोडून शिकवतो, सगळे खरेच कष्ट करतात, आणि तरी पोर म्हणतं माझं कोणाला काही पडलेलं नाही. पोर खोटं बोलत नसतं. त्याच्यापर्यंत आलेलं नसतं काही.

शाळेत हे पोचवायचं कसं? त्यावर 2018 चा एक अमेरिकन अभ्यास आहे, तो मला इतका साधा वाटला की मी दोनदा वाचला. दहा वर्गांत केलेला. काही शिक्षकांना सांगितलं, तास सुरू होताना दारात उभे राहा, येणाऱ्या प्रत्येक मुलाला नावाने हाक मारा, हात मिळवा, एखादा शब्द बोला, काल ज्याचं बिनसलं होतं त्याला जरा धीर द्या. बस. मुलांचं अभ्यासात लक्ष असण्याचा वेळ 20 टक्के पॉइंट वाढला आणि दंगा 9 टक्के पॉइंट खाली आला. यामागेही तोच मेंदू आहे. घाबरलेल्या मुलाच्या मेंदूचा पुढचा भाग, जो विचार करतो, गणितातली पायरी लक्षात ठेवतो, तो ताणाखाली नीट चालत नाही. टीचर ओरडेल या धास्तीत बसलेल्या पोराला सातचा पाढा येत असूनही आठवत नाही तो त्यामुळे. गोव्याच्या 2003 च्या बाल कायद्याने शाळेत मारायला बंदी केली, शिक्षण हक्क कायद्यानेही मुलांना मारणं आणि त्यांचा मानसिक छळ करणं बंद केलं, हे व्हायलाच हवं होतं. पण छडी गेली म्हणजे माया आली असं होत नाही, मध्ये बरीच जागा रिकामी राहते.

आणि माया म्हणजे सगळं चालवून घेणं पण नव्हे हां. डेव्हिड यीगर वगैरेंनी 2014 साली दाखवलं की शिक्षकाने निबंधात चुका काढल्या आणि सोबत "मी एवढ्या सूचना देतोय कारण माझी तुझ्याकडून अपेक्षा मोठी आहे आणि तुला ते जमेल हे मला माहीत आहे" अशी चिठ्ठी जोडली, तर निबंध परत लिहून आणणाऱ्यांचं प्रमाण वाढलं, आणि शिक्षकांवर ज्यांचा फारसा विश्वास नव्हता अशा कृष्णवर्णीय मुलांत ते सगळ्यात जास्त वाढलं. लाल शाई तेवढीच होती.

हवाईमधल्या कवाई बेटावर एमी वर्नर यांनी 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा माग कित्येक दशकं ठेवला. त्यातली साधारण एक तृतीयांश मुलं गरिबी, घरात दारू, भांडणं अशा परिस्थितीतली. त्यातलीही एक तृतीयांश मुलं छान सावरली, कामाला लागली, संसार केले. त्यांच्यात जे सारखं सापडलं त्यात एक गोष्ट ठळक होती, लहानपणी निदान एक तरी मोठं माणूस त्यांचं होतं. आई-बाप नसेल तर आजी, मावशी, शेजारीण. आणि पुष्कळदा शाळेतली एखादी टीचर.

इथे थोडं थांबून सांगते, हे सगळे अभ्यास म्हणजे काही अंतिम शब्द नाही. बरेच अमेरिकेतले आहेत, काही अगदी थोड्या लोकांवर केलेले, आणि ज्याची तब्येत चांगली त्याचं नातंही चांगलं राहतं असं उलटंही असू शकतं. शिवाय ज्या घरात मारहाण आहे तिथे नातं जपा म्हणून कोणी सांगू नये, तिथून बाहेर पडणंच शहाणपणाचं. आणि शिक्षकांवर सगळं ढकलूनही चालणार नाही, एकाच माणसाने चार वर्ग, मध्यान्ह आहार, मतदार याद्या आणि वर ऑनलाइन माहिती भरायची, तर दारात उभं राहून हाक मारायला तो उरतोच किती?

तरीही एक गोष्ट हातातली आहे. आपल्या सत्तरी, पेडणे, डिचोलीकडच्या वाड्यावरच्या मराठी प्राथमिक शाळा पटसंख्येअभावी बंद होतायत किंवा दुसऱ्या शाळेला जोडल्या जातायत. पटावर दहा मुलं असतील तर शाळा चालवणं कठीण हे मलाही कळतं. पण त्या शाळेत एकच बाई पहिलीपासून चौथीपर्यंत त्याच पोरांना बघत असते, कोणाची आजी आजारी, कोणाला ळ म्हणता येत नाही, कोण उपाशी आलाय हे तिला तोंड बघूनच कळतं. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या प्राथमिक शाळांवरचा 2018 चा एक अभ्यास सांगतो की मुलाला दुसऱ्या वर्षीही तोच शिक्षक मिळाला तर मार्कांत थोडी पण नक्की वाढ दिसते, आणि ती अल्पसंख्याक गटातल्या मुलांत जास्त. मग शाळा जोडायचीच असेल तर पोरांबरोबर त्यांची बाई पण नव्या शाळेत पाठवा, आणि मोठ्या शाळांतही निदान पहिली-दुसरीला वर्गशिक्षक बदलू नका. त्याला नवी इमारत लागत नाही, जूनच्या आधी टाइमटेबल आणि बदलीच्या ऑर्डरी काढताना कोणीतरी एवढं बघायला हवं.