नोटा पहिला आला तर?

“नोटाला (मतयंत्रावरचं ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटण) जास्त मतं पडली की सगळे उमेदवार बाद आणि फेरनिवडणूक!” निवडणूक लागली की सोसायटीच्या ग्रुपवर हा फॉरवर्ड येतोच. विधानसभा-लोकसभेपुरता तो साफ खोटा आहे. तिथे नोटा पहिला आला, तरी उमेदवारांत सर्वाधिक मतं घेणाराच निवडून येतो. अनामत जप्तीच्या हिशेबातही नोटाची मतं धरत नाहीत. 2022 च्या अंधेरी पूर्व पोटनिवडणुकीत ऋतुजा लटके जिंकल्या आणि दुसरा आला चक्क नोटा, 12,806 मतं घेऊन. आकडा गाजला, नियम समजावायला वाहिन्यांना सवड कुठली! महापालिकेचं मात्र वेगळं. तिथे नोटा पहिला आल्यास फेरनिवडणूक, असा आदेश राज्य निवडणूक आयोगाने 2018 मध्ये काढला. त्याने अफवेला आणखी बळ मिळालं असावं.