‘सहारा’ चित्रातली माणसं कुठे गेली?

पॅरिसच्या ओर्से संग्रहालयातलं फ्रेंच चित्रकार गुस्ताव्ह गियोमेचं ‘सहारा’ (१८६७) दाखवून ‘अरबांचं वाळवंट असंच, निर्मनुष्य’ असं सांगितलं जातं. हा गैरसमज आहे.

समोर उंटाचा सांगाडा, क्षितिजावर मृगजळासारखा धूसर तांडा, मधे नुसती सपाट जमीन. चित्र विलक्षण आहे, मला फार आवडतं. पण ते तिथल्या जगण्याचा पुरावा नव्हे. १८३० पासून फ्रान्स अल्जीरिया गिळत होता. जमीन ओसाड दिसली की तिला धनी नाही असं वाटायला किती वेळ लागतो?

गियोमे मात्र तिथे पुन्हा पुन्हा गेला. अल्जीरियातल्या बू-सादा गावच्या विणकर बायका त्यानंच रंगवल्या. त्याच्या १८७९च्या चित्रात तिथल्याच लघुआत गावच्या मातीच्या घरांलगत माणसं निवांत टेकलेली दिसतात.