पीओई: आधी विचारणा, मग वीज

भारनियमनाच्या काळात घरात मिट्ट काळोख असला तरी लँडलाइन चालू असायची. तिला वीज घरातून लागतच नव्हती. एक्सचेंजमधल्या ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांमधून ती बोलण्याच्याच तारेने यायची. १९९० च्या दशकाअखेरीस ऑफिसांतले फोन इथरनेटवर, म्हणजे संगणकांच्या नेटवर्कच्या केबलवर, जाऊ लागले आणि ही सोय गेली. प्रत्येक टेबलाखाली एक अॅडॉप्टर आला. दिवे गेले की फोनही बंद. पॉवर ओव्हर इथरनेट, म्हणजे पीओई, ही त्याच नेटवर्क केबलमधून वीज पाठवण्याची पद्धत. ती आली मुख्यतः या फोनांसाठी. कॅमेऱ्यांची गर्दी नंतरची.

नेटवर्कची उपकरणं बनवणाऱ्या सिस्कोने २००० च्या सुमारास स्वतःची ‘इनलाइन पॉवर’ आणली. इस्रायलची पॉवरडसाइन ही कंपनी नेटवर्कचा स्विच (अनेक उपकरणांच्या केबल एकत्र जोडणारा डबा) आणि फोन यांच्या मध्ये बसवायची, तारेत वीज सोडणारी उपकरणं विकू लागली. वीज पाठवणं सोपंच होतं. खरी अडचण होती ती कुणाला पाठवायची नाही, हे ओळखण्याची. फोनच्या जागी कुणी साधा लॅपटॉप जोडला, तर त्याच्यावर ४८ व्होल्ट आदळता कामा नयेत.

जून २००३ मध्ये मंजूर झालेल्या आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संस्थेच्या ८०२.३एएफ या मानकाने त्यासाठी खूण ठरवली: वीज घेणाऱ्या उपकरणात साधारण २५ किलोओहमचा रोध. स्विच आधी दहा व्होल्टपर्यंतचाच दाब देऊन तो रोध मोजतो. जुळला, तर वीस व्होल्टपर्यंत जाऊन उपकरणाचा वर्ग विचारतो, म्हणजे भूक किती ते. मग पूर्ण दाब. आणि उपकरणाने किमान १० मिलिअँपिअर घेणं थांबवलं, की अर्ध्या सेकंदाच्या आत पुरवठा तोडतो.

मानकातला १५.४ वॅटचा आकडा विचित्र दिसतो, पण हिशेब सरळ आहे. किमान ४४ व्होल्ट गुणिले ३५० मिलिअँपिअर. शंभर मीटर केबलचा रोध जास्तीत जास्त २० ओहम धरला, तर २.४५ वॅट तारेतच उष्णता होऊन जातात. उपकरणाच्या वाट्याला उरतात १२.९५. स्विचच्या चोवीस पोर्टांना, म्हणजे केबल लावायच्या खाचांना, प्रत्येकी १५.४ दिले की होतात ३६९.६, बाजारात इतक्या स्विचांवर ‘३७० वॅट’ का लिहिलेलं असतं, ते इथे कळतं.

स्वस्त स्विचात मात्र एवढी वीज नसते, आणि वाटणीचा खरा प्रश्न तिथे उभा राहतो. डिसेंबर २००३ च्या आरएफसी ३६२१ या इंटरनेट-मानकांच्या मालिकेतल्या दस्तऐवजाने त्यासाठी सामायिक नोंदी ठरवल्या: प्रत्येक पोर्टची वीज चालू-बंद करणं, एकूण वापर किती टक्क्यांवर गेला की इशारा द्यायचा आणि पोर्टचं प्राधान्य. प्राधान्याच्या तीनच पायऱ्या आहेत: अत्यावश्यक, वरचं, खालचं. बहुतेक ठिकाणी या सेटिंगला कुणी हातच लावत नाही. मग अनेक स्विच पोर्ट क्रमांक पाहून निर्णय घेतात, आणि शेवटच्या पोर्टात लावलेला गेटवरचा कॅमेरा पहिला बळी जातो.

वर्गानुसार राखीव ठेवायचं की प्रत्यक्ष वापर मोजायचा, हा वाद तेव्हापासूनचा. वर्ग न सांगणाऱ्या उपकरणासाठी पूर्ण १५.४ वॅट अडकून पडतात, मग ते चार वॅटच का घेईना. उलट प्रत्यक्ष वापरावर विसंबलं, तर दिवसभर सगळं सुरळीत चालतं आणि अंधार पडताच सगळ्या कॅमेऱ्यांचे इन्फ्रारेड दिवे एकदम लागतात. स्विचचं विजेचं बजेट ओलांडतं, एखाद्या पोर्टची वीज तुटते. कॅमेराच खराब असं समजून तो बदलणारे वायरमन कमी नाहीत.

२००९ च्या ८०२.३एटी मानकाने पोर्टमागे ३० वॅट दिले. एलएलडीपी या प्रोटोकॉलवरून, म्हणजे जोडलेल्या उपकरणांनी एकमेकांना माहिती देण्याच्या ठरीव पद्धतीने, ०.१ वॅटच्या पायऱ्यांनी विजेची घासाघीस करण्याची सोयही त्यातच आली. माझ्या मते वॅट वाढण्यापेक्षा हीच मोठी गोष्ट. २०१८ च्या ८०२.३बीटीने केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या वापरून ९० वॅटपर्यंत मजल मारली. त्यानंतर छतातले दिवेही इथरनेट केबलवर चालवणं आणखी सोपं झालं. पण स्विच सॉफ्टवेअर अपडेटसाठी रीस्टार्ट झाला की तेही विझणार. म्हणून काही कंपन्यांनी रीस्टार्टच्या वेळीही पोर्टची वीज चालू ठेवण्याची सोय दिली. मात्र ती बऱ्याचदा प्रत्येक पोर्टवर मुद्दाम चालू करावी लागते.