गर्दीचं गणित: अथेन्स, १९७३

'गर्दीला डोकं नसतं' असं आपण सहज म्हणून जातो. ते चुकीचं आहे. गर्दीतल्या प्रत्येकाला डोकं असतं आणि त्यात एक आकडा असतो.

२१ एप्रिल १९६७ रोजी ग्रीसमध्ये लष्करानं सत्ता बळकावली आणि उघड्यावर पाचपेक्षा जास्त माणसांनी जमायला बंदी घातली. लोक नाराज होतेच. तरी मोठा उठाव व्हायला साडेसहा वर्षं का लागली?

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७८ साली मांडलेलं गणित इथे कामी येतं. 'आधी किती जण उतरले तर मी उतरेन' हा प्रत्येकाचा उंबरठा. समजा चौकात १०० माणसं आहेत आणि त्यांचे उंबरठे ०, १, २ असे ९९ पर्यंत आहेत. शून्यवाला आपणहून उतरतो. त्याला पाहून एकवाला, त्या दोघांना पाहून दोनवाला... शंभरच्या शंभर रस्त्यावर! आता फक्त एकवाल्याचा उंबरठा २ करा. शून्यवाला उतरतो, पण 'एकच पुरे' म्हणणारा कोणी उरलेला नाही. तो एकटाच पकडला जातो. उंबरठ्यांची सरासरी ४९.५० वरून जेमतेम ४९.५१ झाली. म्हणूनच ग्रहमान पाहून किंवा सोशल मीडियाचा डेटा चाळून आंदोलनाची तारीख सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये.

मात्र उंबरठ्याशी ताडून पाहायला दुसरी माणसं दिसावी लागतात. पाचाची बंदी नेमकी तीच लपवते. अंत्ययात्रेला का आलात, हे मात्र सांगावं लागत नाही. ३ नोव्हेंबर १९६८ ला माजी पंतप्रधान पापांद्रेऊ यांच्या अंत्ययात्रेत लाखोंनी एकमेकांना पाहिलं. पण सगळे घरी परतले की संख्या पुन्हा शून्य.

१४ नोव्हेंबर १९७३ ला विद्यार्थी अथेन्समधल्या पातिसिऑन रस्त्यावरच्या पॉलिटेक्निकमध्ये, म्हणजे तंत्रविद्यापीठात, ठाण मांडून बसले. आता रात्रीतही संख्या शून्यावर येईना. शिवाय प्रयोगशाळेतल्या सामानातून त्यांनी १०५० किलोहर्ट्झवर मध्यम लहरींचं रेडिओ केंद्र उभं केलं. ही तरंगलांबी सुमारे २८६ मीटर, म्हणजे नीट प्रक्षेपणासाठी तिच्या पाव भागाएवढा, जवळपास ७१ मीटर उंच अँटेना हवा. आखूड तारेत बरीच शक्ती उष्णता होऊन वाया जाते. तरी या लहरी जमिनीलगत पसरतात, इमारतींना वळसा घालतात आणि घरातल्या साध्या रेडिओवर लागतात. हातात पत्रक पडलं तर ते शेजाऱ्यालाही मिळालं का, हे कळत नाही. भिंतीपलीकडून तोच आवाज आला की कळतं.

१७ नोव्हेंबरच्या पहाटे तीनच्या सुमारास रणगाड्यानं फाटक पाडलं. त्या दिवसांत शहरात मारले गेलेले २४ जण नावानिशी निश्चित झाले आहेत. संख्या शून्यावर आली, भीतीनं उंबरठे चढले. उठावानं लष्करशाही पाडली असं सर्रास लिहिलं जातं, पण २५ नोव्हेंबरला जास्त कडवे अधिकारी सत्तेवर आले. ते कोसळले जुलै १९७४ मध्ये, सायप्रसच्या संकटात: त्या बेटावर त्यांनीच घडवलेलं बंड आणि त्यावर तुर्कस्ताननं केलेलं आक्रमण. त्यानंतरची पहिली निवडणूक १७ नोव्हेंबर १९७४ ला झाली.