कॉट घेताय की फ्लॅट? होस्टेल सोडण्याआधी हा फरक समजून घ्या

गेल्या जूनमध्ये भाच्याचा फोन आला. "मामा, फ्लॅट मिळाला. साडेसहा हजार, लाइटबिल धरून." दुसऱ्या वर्षाला त्याला कॉलेजच्या होस्टेलात जागा मिळाली नव्हती आणि ताई लातूरहून रोज मला विचारत होती, पोराची सोय झाली का. मी कर्वेनगरला जागा बघायला गेलो. दोन बेडरूमच्या त्या घरात सात लोखंडी कॉट होत्या. प्रत्येकीच्या वर भिंतीवर मार्करने नंबर लिहिलेला. स्वयंपाकघराला कुलूप. पोरगा फ्लॅटमध्ये राहणार होता हे खरं, पण त्याने फ्लॅट घेतला नव्हता, चार नंबरची कॉट घेतली होती.

पुण्यात 'शेअरिंग फ्लॅट', 'पीजी', 'रूम उपलब्ध' हे शब्द पाट्यांवर सरमिसळ करून लिहिलेले असतात. त्यामुळे मुलं आणि त्यांचे आईवडील 'होस्टेल की बाहेर' एवढाच हिशोब करतात. पण बाहेर राहणं दोन प्रकारचं असतं, आणि दोन्हींत पैसा, जबाबदारी, कायदा सगळंच वेगळं आहे.

कॉट बेसिसवर तुम्ही एका माणसापुरती सोय विकत घेता. कॉट, गादी, कपाटाचा एक कप्पा, पाणी, वायफाय, जमलं तर साफसफाईची बाई. शेजारच्या कॉटवर कोण येणार ते मालक ठरवतो. रात्री किती वाजेपर्यंत आत यायचं, पाहुणा चालेल का, तेही तोच ठरवतो. याच्या बदल्यात तुमची जबाबदारी तुमच्या कॉटपुरतीच राहते. शेजारचा मुलगा मध्येच गावी निघून गेला तर त्याचे पैसे तुमच्या अंगावर येत नाहीत. सदाशिव पेठेत, नारायण पेठेत स्पर्धा परीक्षेची हजारो मुलं अशीच राहतात. जवळच अभ्यासिका, दोन वेळचं जेवण मेसवर, आणि सामान कॉटखालच्या ट्रंकेत मावेल तेवढंच.

फ्लॅट घेणं म्हणजे आख्खं घर तुमच्या नावावर, ठरावीक मुदतीसाठी. आपल्याकडे तो 'लीव्ह अँड लायसन्स' कराराने, म्हणजे ठरावीक काळ राहायच्या परवानगीने, बहुतेक वेळा ११ महिन्यांसाठी देतात. किल्ली तुमची, नियम तुमचे, नळ गळला तर प्लंबरला फोनही तुमचाच. मालकाशी व्यवहार घराचा होतो, डोक्यांचा नाही. समजा १८ हजार भाड्यात तिघं राहता, प्रत्येकी सहा हजार. ऑक्टोबरात एकाला दुसरीकडे इंटर्नशिप लागली की उरलेल्या दोघांवर प्रत्येकी नऊ हजार येतात. आणि हे नेमकं सेमिस्टरच्या मधोमध घडतं, तेव्हा नवा पार्टनर मिळत नाही. मी स्वतः कॉलेजात असताना असे दोन महिने काढलेत. दुसऱ्या महिन्यात मेसचा डबा एक वेळचा केला होता, आणि घरी सांगितलं नव्हतं. म्हणून फ्लॅट घेताना तिसरा-चौथा माणूस कोण आहे, हे मी भाड्याच्याही आधी विचारतो.

वरखर्चही असाच फसवतो. डिपॉझिट, एजंटची दलाली, गादी, शेगडी, बादल्या. महावितरणचा दर १०० आणि ३०० युनिटांच्या टप्प्यांवर चढतो, आणि तिघांचा गीझर एकाच मीटरवर फिरतो. मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून सोसायटी त्याला बिनभोगवटा शुल्क लावते, ते भाड्यात धरलंय की वेगळं मागणार, हेही आधीच विचारून घ्या.

आता कायदा. यातच सगळ्यात जास्त गफलत होते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे फ्लॅटचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. तशी नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरून चालतात, खोडून काढायचं मालकाने. मुद्रांक शुल्क मुदतीचं सगळं भाडं आणि डिपॉझिटवर धरलेलं व्याज मिळून होणाऱ्या रकमेच्या ०.२५ टक्के. वरच्या १८ हजारांच्या घरासाठी ५० हजार डिपॉझिट धरलं तरी ११ महिन्यांचे साधारण ५०० रुपये होतात, आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. तिघांत वाटले तर प्रत्येकी एका पुस्तकाचे पैसे. एवढ्यासाठी "नोटरी करू, चालतं" असं म्हणणाऱ्याचं ऐकू नका. पोलिसांकडे दिलेली भाडेकरूची माहिती म्हणजेही करार नव्हे.

कॉटवाल्याला हे संरक्षण नाही. त्याच कायद्यात 'पेइंग गेस्ट' म्हणजे मालक स्वतः राहतो त्या घराचा एखादा भाग ज्याला दिलाय तो. तो आणि होस्टेलात राहणारा, दोघंही परवानाधारकाच्या, म्हणजे लीव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याच्या, व्याख्येतून वगळलेले आहेत. म्हणून कॉट घेताना हातात पावतीच हवी. डिपॉझिट किती, नोटीस किती दिवसांची, जाताना काय कापणार, हे त्या पावतीवर लिहून घ्या आणि पैसे यूपीआयनेच द्या. सामाजिक न्याय विभागाच्या स्वाधार योजनेत अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांना, सरकारी वसतिगृहात प्रवेश मिळाला नाही तर, राहण्याजेवणाचे पैसे थेट खात्यात मिळतात. तिथेही बाहेर राहत असल्याचे कागद मागतात, तेव्हा पावती टाळणारा मालक तुम्हाला परवडणारा नाही.

माझं मत विचाराल तर पुण्यातलं पहिलं वर्ष बाहेर काढायचं असेल तर कॉटच घ्या. वर्षभरात कोण वेळेवर पैसे देतो, कोण भांडी घासतो, कोण आजारी पडल्यावर दवाखान्यात घेऊन जातो हे कळतं. तशी दोन माणसं सापडली की मग फ्लॅट बघा.

भाच्याला एवढंच विचारायला सांगितलं होतं, "स्वयंपाकघराची किल्ली मिळेल का?" मालक म्हणाला, ते आमच्या सामानाचं आहे. चार नंबरची कॉट त्याने घेतली, पावतीवर एक महिन्याची नोटीस लिहून घेऊन. या जूनमध्ये त्याच खोलीतल्या दोघांबरोबर तो धनकवडीला फ्लॅटमध्ये गेला. करार नोंदवताना तिघांचेही अंगठे घेतले, तिघांचीही नावं घातली.