खाणींचे पाणी आणि खोऱ्याचा हिशेब : नागपूर परिसरातील पार्श्वभूमी

नागपूरला पाणी पुरवणाऱ्या कन्हान नदीच्या खोऱ्यातच कामठी, सावनेर आणि पारशिवनीच्या कोळसा खाणी आहेत, आणि हा शेजार योगायोगाचा नाही. या भागात कोळशाच्या थरांवर जो भुरकट-तांबूस वालुकाश्म पसरलेला आहे, त्याला भूशास्त्रज्ञ कामठीच्याच नावाने ओळखतात आणि तो पाणी उत्तम धरून ठेवतो. गावच्या विहिरी ज्या खडकावर जगतात तोच खडक फोडून किंवा त्याखाली शिरून कोळसा काढावा लागतो, त्यामुळे येथे खाण सुरू करणे म्हणजे भूजलाचा उपसा सुरू करणेच होय. या खडकांचा पहिला पद्धतशीर अभ्यास स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या नागपुरातील मिशनऱ्यांनी केला आणि तो 1855 मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे 1863 मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना फुगलेल्या ओढ्यात हिस्लॉप यांचा बुडून मृत्यू झाला.

खाणकाम वाढले तरी पाण्याचा विचार बराच काळ एकाच बाजूने झाला. मॅंगनीजसाठी 1896 मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट स्थापन झाले, ज्यातून पुढे आजची मॉइल ही मॅंगनीज कंपनी उभी राहिली. वर्धा खोऱ्यात वरोऱ्याची कोळसा खाण त्याआधीच चालू होती. त्या काळी खाणीत साचणारे पाणी ही केवळ उपसून बाहेर टाकायची अडचण होती. ते कोणाच्या विहिरीतून आले आणि कोणत्या नाल्यात गेले, याची नोंद ठेवण्याचे बंधन नव्हते. 1973 च्या राष्ट्रीयीकरणानंतर आणि 1975 मध्ये नागपुरात मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफील्ड्स ही कंपनी स्थापन झाल्यानंतर ओपनकास्ट खाणींचे प्रमाण वाढले. अशा खाणीत वरचा सगळा खडक काढून टाकावा लागत असल्याने उपसा तर वाढलाच, शिवाय ‘ओबी’ म्हणून ओळखले जाणारे माती-दगडांचे डोंगर नदीनाल्यांच्या काठाने उभे राहिले.

1974 च्या जलप्रदूषण कायद्याने पाण्याकडे कायद्याच्या नजरेने पाहिले, पण ती नजर मुख्यतः पाणी बाहेर पडते त्या तोंडाशी थांबली. सामू (पाण्याची आम्लता दाखवणारा pH) 5.5 ते 9 च्या दरम्यान आहे का आणि तरंगते कण लिटरमागे 100 मिलिग्रॅमच्या आत आहेत का, हे तपासले जाऊ लागले. पाणी किती उपसले आणि त्यामुळे भूजलपातळी कुठवर खाली गेली, हा प्रश्न त्या चौकटीत बसत नव्हता.

तो प्रश्न 27 जानेवारी 1994 च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यमापनाच्या अधिसूचनेने पुढे आणला. 1997 मध्ये जनसुनावणी आली आणि 14 सप्टेंबर 2006 रोजी नवी अधिसूचना निघाली. मात्र या पद्धतीचे दोन संकेत आजही खोलवर रुजलेले आहेत. एक म्हणजे खाणपट्ट्याभोवती दहा किलोमीटरचा परिघ आखून अभ्यास करणे, आणि दुसरा म्हणजे मूळ स्थितीची आकडेवारी पावसाळा वगळून एका हंगामात गोळा करणे.

माझ्या मते खरी उणीव या दुसऱ्या संकेतात आहे. कोळशाबरोबर येणारे पायराइट हे लोह आणि गंधकाचे खनिज हवा आणि ओलावा मिळाला की विघटित होते, आणि त्यातून आम्ल, सल्फेट व लोह तयार होते. उन्हाळाभर ढिगाऱ्यांत साचलेले हे क्षार पहिल्या जोरदार सरींबरोबर धुऊन नाल्यात उतरतात. असे लोहयुक्त पाणी बादलीत भरले तेव्हा नितळ दिसते, पण रात्रभर ठेवले की सकाळी तळाशी तांबूस गाळ बसतो आणि वर तेलासारखा चकचकीत तवंग येतो. जानेवारीत घेतलेला नदीचा नमुना हे कसे सांगणार?

परिघाचा दोषही लहान नाही. कन्हान पुढे वैनगंगेला मिळते, वैनगंगा आणि वर्धा एकत्र येऊन प्राणहिता होते व ती गोदावरीला जाते. एकाच नदीकाठच्या पाच खाणींचे पाच अहवाल स्वतंत्रपणे ‘परिणाम मर्यादित’ म्हणू शकतात आणि तरीही खालच्या गावाला त्या पाचांचा एकत्रित भार सोसावा लागू शकतो. एकत्रित भार मोजण्याची गरज चंद्रपूरने ठळक केली. 2009 च्या सर्वंकष पर्यावरणीय प्रदूषण निर्देशांकात त्या परिसराला 83.88 गुण मिळाले आणि जानेवारी 2010 मध्ये देशातील इतर अतिप्रदूषित क्षेत्रांबरोबर तेथेही नव्या प्रकल्पांना तात्पुरती स्थगिती मिळाली. तरी हा निर्देशांक औद्योगिक क्षेत्राचा होता, खोऱ्याचा नव्हे.

खोरेनिहाय मोजणीची साधने आपल्याकडे नव्हती, असे म्हणता येत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा दीर्घकाळ राज्याचे भूजल पाणलोट क्षेत्रांनुसारच आजमावत आली आहे आणि माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील जल व सिंचन आयोगाने 1999 मध्ये राज्याची 25 उपखोऱ्यांत विभागणी करून नियोजन सुचवले होते. भारतीय खाण ब्यूरो, पर्यावरण संशोधन करणारी नीरी ही संस्था आणि दोन मोठ्या खाण कंपन्या एकाच नागपुरात आहेत, पण खाणीचा अहवाल पट्ट्याच्या हद्दीने लिहिला जातो आणि पाण्याचा पाणलोटाच्या.

खाण बंद झाल्यावर हे अंतर अधिक जाणवते. कोळसा खाणींसाठी बंदीकरण आराखड्याची मार्गदर्शक तत्त्वे 2009 मध्ये आली; त्याआधी सोडून दिलेल्या खाणींमागे असा आराखडा नव्हता. पंप थांबले की पाणी वर्षानुवर्षे हळूहळू जुन्या पोकळ्यांत चढत राहते, विरघळलेले लोह आणि सल्फेट घेऊन त्याच कामठी वालुकाश्मात शिरू शकते, आणि त्या वेळी विहिरीचे पाणी तपासायला येणाऱ्या माणसाच्या हाती बहुधा खाण सुरू होण्याआधीची एकही नोंद नसते.